विद्यापीठात नाव घालताना

मराठी घरात मूल पाच-सहा वर्षांचे झाले की त्याचे शाळेत नाव घालतात. हा शब्दप्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे. मूल शाळेत जाऊ लागते ते नंतर. आधी त्याचे नाव जाते, आणि मग नावामागोमाग मूल. पूर्वी ह्या विधीला फारसे साहित्य लागत नसे. वडिलांनी मुलाला हाताशी धरून न्यावे, गुरुजींनी नाव विचारावे, वय अंदाजाने सांगितले जावे आणि ते पटावर चढावे, एवढ्यात काम होई. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत असंख्य वडीलधाऱ्या माणसांचा वाढदिवस कागदोपत्री १ जून येतो, त्याचे कारण हेच. शाळा जूनमध्ये उघडत, आणि जन्माची तारीख ठाऊक नसली की गुरुजी सोयीची तारीख घालून हिशेब जमवून टाकीत. त्या एका फटकाऱ्यावर पुढे माणसाची नोकरी, बढती आणि निवृत्ती अवलंबून राहिली.

विद्यापीठांचा आरंभही नावानेच होतो. 'मॅट्रिक' हा शब्द मराठीत इतका मुरला की तो परका आहे हे कुणाच्या ध्यानातही राहिले नाही. आजोबा मॅट्रिक झाले म्हणजे एक परीक्षा उत्तीर्ण झाले, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. वस्तुतः लॅटिन भाषेत 'मात्रिकुला' म्हणजे नावांची यादी, पट. आणि मॅट्रिक्युलेशन म्हणजे त्या पटावर नाव चढणे. ऑक्सफर्डसारख्या जुन्या विद्यापीठात आजही नवे विद्यार्थी झगे घालून ह्याच नावाच्या समारंभाला उपस्थित राहतात. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी होते. त्यांच्या दृष्टीने ती परीक्षा म्हणजे दार होते. पुढील पिढ्यांनी दारालाच घर मानले, कारण नुसत्या मॅट्रिकवर कारकुनी मिळू लागली होती.

आज महाराष्ट्रातील विद्यार्थी दिल्ली विद्यापीठात नाव घालावयास निघतो तेव्हा त्याच्यापुढे प्रथम पट येत नाही, संगणकाचा पडदा येतो. २०२२ पर्यंत तेथील पदवी-प्रवेश मुख्यतः बारावीच्या गुणांवर होत असत. प्रत्येक महाविद्यालय आपल्या विषयासाठी गुणांची किमान मर्यादा जाहीर करी, आणि त्या मर्यादेला 'कट-ऑफ' म्हणत. ती मर्यादा चढत चढत काही ठिकाणी शंभर टक्क्यांना जाऊन भिडली. शंभरातील शंभर गुण मिळविल्याखेरीज राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकता येऊ नये, ही गोष्ट हास्यास्पद तर होतीच, पण ज्या मंडळांत गुणदान हात राखून होई त्यांच्या मुलांवर ती अन्याय करणारीही होती. २०२२ पासून ह्या पद्धतीऐवजी राष्ट्रीय परीक्षा संस्थेमार्फत घेतली जाणारी सामायिक प्रवेशपरीक्षा आली. तिला सर्वत्र 'सीयूईटी' ह्या आद्याक्षरांनी ओळखतात. ती तेरा भाषांत देता येते आणि त्यांत मराठी आहे. मात्र परीक्षा मराठीत देता येते ह्याचा अर्थ पुढील अध्यापन मराठीत होते असा कुणी घेऊ नये. वर्गात इंग्रजी असते, काही महाविद्यालयांत व काही विषयांत हिंदी असते, आणि वर्गाबाहेर तर हिंदीच असते.

परीक्षेचे गुण हाती आले म्हणजे प्रवेश झाला असेही नव्हे. विद्यापीठाच्या जागावाटपाच्या व्यवस्थेत निराळी नोंदणी करावी लागते, आणि तेथे विषय व महाविद्यालय ह्यांच्या जोड्या पसंतीच्या क्रमाने लिहून द्याव्या लागतात. नव्वदच्या आसपास महाविद्यालये असलेल्या ह्या विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षासाठी अलीकडे सुमारे एकाहत्तर हजार जागा असतात. जोड्या शेकड्यांनी होतात. पुष्कळ मुले पाच-सहा प्रसिद्ध नावे लिहून थांबतात. ती मोठी चूक होय. यादी लांबवावी, आणि ती 'आपल्याला काय मिळेल' ह्या अटकळीने न लावता 'आपल्याला काय हवे' ह्या क्रमाने लावावी, कारण गणकयंत्र वरून खाली वाचीत जाते आणि जी पहिली शक्य जोडी सापडेल ती देऊन मोकळे होते. खालची पसंती वर लिहिल्याने काहीच साधत नाही, उलट हवी ती जागा हातची जाते.

जागा मिळाल्याची सूचना येते ती मोजक्या दिवसांची असते. त्या मुदतीत विद्यार्थ्याने जागा 'स्वीकारली' असे स्वतः कळवावयाचे, मग महाविद्यालयाने कागद तपासून मान्यता द्यावयाची, आणि त्यानंतर शुल्क भरावयाचे. ह्या तिन्ही पायऱ्या वेळेत पार पडल्या तरच नाव चढले. पहिली पायरी चुकली, तर विद्यार्थी त्या वर्षीच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. पुढच्या फेरीत अधिक चांगली जागा मिळेल ह्या आशेने आलेली जागा सोडून देणे म्हणजे हातातले सोडून पळत्याच्या पाठी लागणे. व्यवस्थेतच त्यावर उपाय आहे: मिळालेली जागा स्वीकारून शुल्क भरावे आणि वरच्या पसंतीची वाट पाहत असल्याचे नोंदवावे. वरची जागा मिळाली तर आधीची आपोआप सुटते. मात्र ती सुटली की परत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ज्याला मिळालेल्या जागेत समाधान आहे त्याने ती कायम केल्याचे कळवून निश्चिंत व्हावे.

इथवरचे सारे घरबसल्या, लातूर किंवा रत्नागिरीत बसूनही होते. अडचण येते ती कागदांपाशी, आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची अडचण काहीशी निराळी असते. ती समजण्यासाठी एका थोर माणसाच्या नावाचा आधार घेणे सोयीचे होईल. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्राचे अर्थमंत्री, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडणारे आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे १९६२ पासून १९६७ पर्यंत दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला हा माणूस आज आपल्या मंडळाची दहावीची गुणपत्रिका घेऊन दिल्लीस गेला असता, तर काय घडले असते? महाराष्ट्राच्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात. तेव्हा त्यांचे नाव 'देशमुख चिंतामण द्वारकानाथ' असे छापले गेले असते. आधार कार्डावर ते 'चिंतामण द्वारकानाथ देशमुख' असते. प्रवेशपरीक्षेच्या अर्जात घाईत कदाचित 'चिंतामण देशमुख' एवढेच भरले गेले असते. मराठी माणसाला ही तिन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे सांगावे लागत नाही. परंतु उत्तर हिंदुस्थानात नावाचा पहिला शब्द हा व्यक्तीचा आणि शेवटचा कुळाचा, अशी रीत आहे. मुलाच्या नावात वडिलांचे नाव गुंफण्याची पद्धत तेथे नाही, ते वेगळ्या ओळीत लिहितात. तेव्हा मेजामागच्या कारकुनाने 'देशमुख' हे मुलाचे आणि 'द्वारकानाथ' हे कुळाचे नाव मानले तर त्याचा फारसा दोष नाही. दोष असेल तर आपल्या कागदांत एकवाक्यता नसण्याचा.

म्हणून पहिला नियम असा की दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव ज्या क्रमाने आणि ज्या अक्षरांनी छापले आहे, तेच पुढे सर्वत्र उतरवावे. एखाद्या अक्षराचा इंग्रजी स्पेलिंगमधला फरकही महिनोन्महिने पिच्छा पुरवितो. आईचे नाव गुणपत्रिकेवर वेगळे छापलेले असते. लग्नापूर्वीचे आणि नंतरचे असा घोळ तेथेही होतो. ज्यांच्या कागदांत तफावत आहे त्यांनी ती दिल्लीला निघण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तर बारावीचे वर्ष चालू असतानाच दुरुस्त करून घ्यावी. आधारावरील नाव त्या मानाने लवकर बदलते. मंडळाच्या प्रमाणपत्रावरील बदलावयास वेळ लागतो.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. महाराष्ट्रात राहून शिकणाऱ्या मुलास शाळा सोडल्याचा दाखला पुरतो. दुसऱ्या राज्यातील विद्यापीठात जाणाऱ्यास त्याखेरीज स्थलांतर प्रमाणपत्र काढून ठेवावे लागते. ते शाळेतून मिळत नाही, मंडळाकडून मिळते. मंडळाची विभागीय कार्यालये नऊ आहेत, आणि ज्याची परीक्षा ज्या विभागात झाली त्याचा अर्ज त्याच विभागाकडे जातो. दिल्लीत पोहोचल्यावर हा कागद आठवला तर मुलगा तिकडे, कार्यालय इकडे, आणि धावपळ मात्र घरच्यांच्या नशिबी येते.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो आरक्षणाच्या दाखल्यांत, आणि तेथे होणारी चूक खरोखरच जागा घालविणारी असते. दिल्ली विद्यापीठ ही केंद्राची संस्था आहे. तेथे अनुसूचित जातींना १५, अनुसूचित जमातींना साडेसात, इतर मागासवर्गीयांना २७ आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात. महाराष्ट्रात वर्गवारी ह्याहून बारीक आहे. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे राज्याचे प्रवर्ग केंद्राच्या नमुन्यात त्या नावांनी सापडत नाहीत. त्यांतील ज्या जातींचा समावेश केंद्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहे, त्यांच्या मुलांना केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढावा लागतो. उन्नत गटात मोडत नसल्याचा उल्लेख त्यात असावा लागतो आणि तो चालू आर्थिक वर्षातील असावा लागतो. कुणबी जात केंद्राच्या यादीत आहे. परंतु मराठा समाजासाठी राज्याने २०२४ मध्ये केलेला दहा टक्क्यांचा कायदा हा राज्यापुरता आहे. तो दाखला दिल्लीत चालत नाही. अशा कुटुंबांपैकी जी आर्थिक निकषांत बसतात आणि अन्य कोणत्याही केंद्रीय आरक्षणात मोडत नाहीत, त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, तोही केंद्राच्या नमुन्यातील, काढावा. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांहून कमी असण्याची अट आहे, आणि जमीन व घर ह्यांच्या अटी त्याखेरीज आहेत. तहसील कचेरीत किंवा सेतू केंद्रात गेल्यावर 'केंद्राचा नमुना' हे दोन शब्द स्पष्ट उच्चारावेत. ते न उच्चारल्यास राज्याचा नमुना मिळतो, दिसावयास तो तितकाच रुबाबदार असतो, आणि त्याचा निरुपयोगीपणा चौदाशे किलोमीटरांवर गेल्यावर कळतो. मराठीतील कागदासोबत इंग्रजी भाषांतर ठेवणे हेही शहाणपणाचे.

अधिवासाच्या दाखल्याचे मात्र उलट आहे. महाराष्ट्रात पदोपदी मागितला जाणारा हा कागद दिल्ली विद्यापीठात प्रवेशासाठी निरर्थक ठरतो, कारण केंद्रीय विद्यापीठात दिल्लीकर आणि बाहेरचा असा भेद नाही. परंतु दिल्लीत राज्यशासनाची विद्यापीठेही आहेत: गुरू गोविंदसिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठ, दिल्ली तंत्रज्ञान विद्यापीठ, काश्मिरी गेटाजवळचे आंबेडकर विद्यापीठ. तेथे ८५ टक्के जागा दिल्लीतून बारावी झालेल्यांना असतात, आणि बाहेरच्यांच्या वाट्याला उरलेल्या येतात. 'दिल्लीचे विद्यापीठ' आणि 'दिल्ली विद्यापीठ' ह्यांतला हा फरक न जाणता घातलेले अर्ज पुष्कळदा वाया जातात.

कागदांचा हा सगळा संसार ज्यांच्या नावाने चालतो ते कुलसचिव ज्या इमारतीत बसतात तिच्याविषयी थोडे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस आल्यावर नव्या दिल्लीतील प्रासाद उभा राहीपर्यंत व्हाइसरॉय जेथे राहत, ते उत्तर दिल्लीतील निवासस्थान १९३३ साली विद्यापीठाला मिळाले. पुण्याच्या विद्यापीठालाही गणेशखिंडीतील राज्यपालांचा वाडा मिळाला. सत्ताधीशांची घरे विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडण्याचा हा योग दोन्ही ठिकाणी जुळून आला आहे. दिल्लीच्या ह्या वास्तूतील एका दालनात माउंटबॅटन ह्यांनी १९२२ च्या फेब्रुवारीत एडविना ह्यांना मागणी घातली, आणि तेच दालन पुढे कुलसचिवांचे झाले, असे सांगतात. विद्यापीठाचा कायदा झाला तोही १९२२ सालीच. त्या वेळी त्याच्या पदरी सेंट स्टीफन्स, हिंदू आणि रामजस अशी तीनच महाविद्यालये होती. पहिले कुलगुरू हरिसिंग गौर हे सागरचे, पण नागपूरच्या सार्वजनिक जीवनात वावरलेले कायदेपंडित होते.

नव्या विद्यार्थ्याला मात्र ह्या इमारतीत जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो. मेट्रोच्या विश्वविद्यालय स्थानकावर उतरले की आपण विद्यापीठात आलो असे वाटते, आणि ज्यांची महाविद्यालये उत्तर परिसरात आहेत त्यांच्यापुरते ते खरेही आहे. इतरांची महाविद्यालये शहरभर विखुरलेली आहेत. एखादे द्वारकेत, एखादे शेख सरायमध्ये, एखादे थेट बवान्यात. नाव विद्यापीठाच्या पटावर चढत असले तरी हजर व्हावयाचे ते महाविद्यालयात, आणि मूळ कागद तपासले जातात तेही तेथेच. राहण्याची जागा ठरविण्यापूर्वी हे अंतर नकाशावर नव्हे, प्रत्यक्ष सकाळच्या गर्दीत जाऊन मोजावे.

आता दुसऱ्या दिवसाकडे वळावयाचे, ज्याला दिल्लीत 'ओरिएंटेशन' म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ह्या कार्यक्रमासाठी मार्गदर्शिका काढली आणि तिला 'दीक्षारंभ' असे नाव दिले. पदवी घेण्याच्या समारंभास दीक्षान्त म्हणत असल्यामुळे आरंभासही तसेच नाव शोधलेले दिसते. नाव भारदस्त आहे. परंतु दीक्षा म्हटली की गुरूने बोलावयाचे आणि शिष्याने ऐकावयाचे असे चित्र उभे राहते, आणि ह्या दिवसाचा खरा उपयोग विद्यार्थ्याने विचारण्यात आहे.

महाराष्ट्रातून आलेल्या मुलाला हा दिवस टाळावासा वाटतो, आणि त्यामागे एक ऐतिहासिक कारण आहे. महाराष्ट्रात दहावीनंतरची दोन वर्षे बहुधा कनिष्ठ महाविद्यालयात जातात. सोळाव्या वर्षीच मुलगा 'कॉलेजात' जाऊ लागतो, गणवेश सुटतो, तासांना दांडी मारण्याचे शिक्षणही तेथेच पुरे होते. दिल्लीतील मुलगा बारावीपर्यंत शाळेत असतो. प्रार्थना, गणवेश, वर्गशिक्षिका हे सारे अठराव्या वर्षापर्यंत चालते. त्याच्या दृष्टीने हा दिवस एका आयुष्यातून दुसऱ्यात पाऊल टाकण्याचा असतो. मराठी मुलाला वाटते, आपण कॉलेज पाहिले आहे. त्याने जे पाहिलेले असते ते कॉलेज हे नाव धारण करणारी अकरावी-बारावी होती, विद्यापीठ नव्हे. म्हणून, ज्याला ह्या दिवसाची गरज कमी वाटते त्यालाच तो अधिक हवा असतो.

दिवसाचे स्वरूप बहुतेक महाविद्यालयांत सारखे असते. ऑगस्टच्या आसपासचे दमट ऊन, दारावर ओळखपत्राऐवजी शुल्क भरल्याची पावती तपासणारे पहारेकरी, आत शिरताच विद्यार्थी-संघटनांचे मदतकक्ष आणि अतिशय आपुलकीने बोलणारे त्यांचे कार्यकर्ते. निवडणुका पुढे असतात, हे त्या आपुलकीचे एक कारण. मदत मात्र खरी असते आणि ती घेण्यास हरकत नाही. सभागृहात प्राचार्यांचे भाषण होते, महाविद्यालयाचा इतिहास सांगितला जातो. पुष्कळ ठिकाणी पालकांनाही बोलावतात. हा भाग थोडा लांबतो आणि पंख्याखाली डुलकी येणे स्वाभाविक आहे. त्यानंतर जेव्हा मुले आपापल्या विभागात पांगतात, तेव्हा कामाचा भाग सुरू होतो, आणि नेमके त्याच वेळी अनेकजण उपाहारगृहाकडे वळतात.

विभागात जे सांगितले जाते ते छापील पत्रकात शोधून सहज सापडत नाही. २०२२ पासून लागू झालेल्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रत्येक सत्राला बावीस श्रेयांक असतात. पहिल्या सत्रात मुख्य विषयाचे तीन पाठ्यक्रम, त्यांखेरीज अन्य विद्याशाखेतील एक, एक कौशल्याचा, एक क्षमतावर्धनाचा आणि एक मूल्यशिक्षणाचा, असे सात पाठ्यक्रम पदरात पडतात. मुख्य तीन ठरलेले असतात. बाकीच्यांत निवड करावयाची असते, आणि चांगल्या पाठ्यक्रमांतील जागा लवकर भरतात. ज्याने शिक्षकांचे बोलणे ऐकले तो विचारपूर्वक निवडतो. ज्याने ऐकले नाही त्याला उरलेले मिळते. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते, ह्याचा अर्थही तेथेच विचारून घ्यावा. हजेरीचा नियम दोन-तृतीयांश तासांचा आहे. तो पाळला न गेल्यास परीक्षेला बसणे अडते.

ह्याच दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली जाते, आणि ती घाईघाईने सांगितली जाते. विद्यापीठाच्या पंधराव्या अध्यादेशात छळवणुकीविरुद्ध, म्हणजे ज्याला सर्वत्र 'रॅगिंग' म्हणतात त्याविरुद्ध, स्पष्ट तरतूद आहे. महाराष्ट्राने तर ह्या विषयावर १९९९ सालीच स्वतंत्र कायदा केला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम देशभर लागू आहेत, आणि त्यांनुसार विद्यार्थी व पालक ह्या दोघांनाही प्रतिज्ञापत्र भरून द्यावे लागते. बहुतेकजण ते न वाचता सही करतात. वाचले तर असे दिसेल की ते केवळ 'मी छळ करणार नाही' असे वचन नाही. छळ म्हणजे काय ह्याची व्याख्या विद्यार्थ्याला माहीत आहे, अशी ती कबुली आहे. परगावच्या मुलाला बोलीवरून, आडनावावरून, रंगावरून, जातीवरून बोलणे हे त्या व्याख्येत बसते. 'थट्टाच तर केली' हा बचाव त्यात नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-५५२२ असा आहे आणि त्यास पैसे पडत नाहीत. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती असते. तिच्या सदस्यांची नावे त्या दिवशी सांगतात किंवा भिंतीवर लावलेली असतात; ती उतरवून घ्यावयास दोन मिनिटे लागतात. ज्या घरातून विद्यापीठात जाणारे हे पहिलेच मूल आहे, त्या घराला तर हे कुणीतरी मुद्दाम सांगावयास हवे, कारण तेथे पूर्वीच्या कुणाचा अनुभव पाठीशी नसतो. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीचा कक्ष, समान संधी कक्ष, शिष्यवृत्तीचा मेज हे सारे त्या दिवशी एकाच आवारात, उघडे आणि माणसांसह सापडतात. नंतर ते शोधावे लागतात.

भाषेचा एक गमतीदार भाग आहे. महाराष्ट्रात जे 'झेरॉक्स', ते दिल्लीत 'फोटोस्टेट'. परीक्षेचे वेळापत्रक तेथे 'डेट शीट' होते. एफवाय-एसवाय तेथे कुणाला कळत नाही. आणि 'पीजी' ह्या दोन अक्षरांचा अर्थ वर्गात पदव्युत्तर शिक्षण असा असला तरी कमला नगर, विजय नगर किंवा दक्षिण परिसराजवळच्या सत्य निकेतनमध्ये तोच शब्द खाणावळीसह भाड्याच्या खोलीचा वाचक आहे. वसतिगृहांत जागा थोड्या आणि इच्छुक फार, त्यामुळे बहुसंख्य परगावची मुले ह्या दुसऱ्या पीजीतच राहतात. अनामत रक्कम देण्यापूर्वी ती परत कधी व कशी मिळणार हे लिहून घ्यावे. मध्येच जागा सोडली तर काय, हेही विचारावे.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची गोष्ट काहीशी निराळी. १९६९ साली सुरू झालेले हे विद्यापीठ एकाच विस्तीर्ण आवारात वसले आहे, आणि त्याच्या वसतिगृहांना नद्यांची नावे आहेत. महाराष्ट्रातून आलेल्याला तेथे गोदावरी, तापी, कोयना आणि चंद्रभागा एका फेरफटक्यात भेटतात. चंद्रभागेच्या काठी राहावयास मिळाले, असे पत्र घरी धाडता येते. २०२५ मध्ये तेथे कुसुमाग्रजांच्या नावाचे मराठी भाषा, साहित्य व संस्कृतीचे केंद्रही सुरू झाले. प्रवेश तेथेही सामायिक परीक्षेनेच होतो, पण पुढे प्रत्येक सत्राच्या आरंभी पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि मुदत चुकली तर दंड पडतो. एकदा नाव घातले की झाले, असे तेथे नाही.

राहता राहिला मूळ कागदांचा प्रश्न. तपासणी झाल्यावर महाविद्यालयाने मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे ठेवून घेऊ नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली बजावले आहे. प्रवेश रद्द केल्यास शुल्क किती परत मिळावे हेही त्याच आदेशात आहे. तेव्हा ती परत मागून घेण्यात संकोच नसावा. परत मिळालेली मूळ प्रमाणपत्रे वडिलांनी रात्रीच्या गाडीने घरी न्यावीत की मुलाजवळ ठेवावीत, ह्याबद्दल दुमत असते. भाड्याच्या खोलीला कुलूप असले तरी कपाट बहुधा नसते, म्हणून मुळे घरी जावीत आणि साक्षांकित प्रतींचे दोन संच, छायाचित्रांची पाकिटे व शुल्काची पावती मुलाजवळ राहावी, हे बरे. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी दिवाळीपूर्वी त्यांतील एक संच लागतोच.